जुन्या घरातील भर : काय पाडावे, काय ठेवावे?

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ येथे आम्हा भावंडांचे वडिलोपार्जित घर आहे. दगडमातीच्या दोन फुटी भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे माळवद, अशी मराठवाड्यात सर्वत्र आढळणारी त्याची रचना आहे. नोकऱ्यांच्या निमित्ताने सारे बाहेर पडले आणि घर बारा वर्षे बंद राहिले. ते पुन्हा राहण्याजोगे करायचे ठरले, तेव्हा पहिल्या पाहणीत आम्ही ‘पाडायच्या गोष्टीं’ची यादी केली. माजघराचे दोन भाग करणारी साडेचार इंची विटांची भिंत, सर्व भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा, मागच्या भिंतीला चिकटवून बांधलेली न्हाणी आणि माळवदाच्या वर लोखंडी सांगाड्यावर घातलेले पत्रे, अशा चार गोष्टी त्या यादीत होत्या. या सगळ्या मागाहून पडलेल्या भरी. त्या काढल्या की मूळ घर आपोआप मोकळे होईल, असा आमचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब चुकला. चारपैकी दोन गोष्टी आम्ही पाडल्या, तिसरी पाडण्यापूर्वी तिला बदली द्यावी लागली आणि चौथी मुद्दाम ठेवली. यादीत नसलेली पाचवी भर मात्र सर्वांत जुनी आणि सर्वांत जड निघाली. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी शालेय पातळीवरचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पुरेसे आहे. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

भिंतीचा खांब कसा होतो?

कामाला सुरुवात आम्ही माजघरातल्या विटांच्या भिंतीपासून केली. ती केवळ आडोशासाठी बांधलेली होती. माळवदाचे ओझे खांब आणि तुळयांवर आहे, तेव्हा ही भिंत काढायला काय हरकत, असे आम्हीच मजुरांना सांगितले. वरच्या विटांचे तीन थर निघाले आणि तुळईतून करकर असा आवाज आला. किलचणीच्या फटींतून मातीची धार लागली. दोघे मजूर प्रसंगावधान राखून बाहेर पळाले, म्हणून निभावले. आवाज ऐकून आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “सर, ही भिंत आता भिंत राहिली नाही. खांब झाली.”

याचे कारण लाकडाच्या एका गुणधर्मात आहे. लाकडावर सतत ओझे ठेवले, तर ते पहिल्याच दिवशी जेवढे वाकायचे तेवढे वाकून थांबत नाही. वर्षानुवर्षे ते थोडे थोडे वाकत राहते. या संथ विरूपणाला ‘सर्पण’ म्हणतात. विटांची भिंत बांधली तेव्हा तिचा माथा आणि तुळई यांत कदाचित बोटभर अंतर असेल. पुढे तुळई वाकत गेली आणि एके दिवशी भिंतीवर टेकली. त्या दिवसापासून छताचे काही ओझे भिंतीतून जमिनीत जाऊ लागले. घरातल्या कोणालाही ते कळले नाही, कारण दिसण्यात काहीच फरक पडला नव्हता.

मधला टेकू काढल्याने किती फरक पडतो? तुळईवर सर्वत्र सारखे ओझे असेल, तर तिला मोडू पाहणारे आघूर्ण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि तिचा बाक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दोन टेकूंमधील अंतर दुप्पट झाले की आघूर्ण सुमारे चौपट आणि बाक सुमारे सोळापट होतो. जी तुळई तरुणपणी एवढे सहज पेलत होती, तिच्या टोकांना आता कदाचित वाळवी लागलेली असते. तिच्यावर हे ओझे एका क्षणात टाकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

भिंत ओझे घेते की नाही, हे ताडण्याची एक सोपी कसोटी आहे. भिंतीचा माथा आणि तुळई यांमधील गिलावा हलकेच खरवडावा आणि त्या फटीतून जाड कागदाची पट्टी सरकवून पाहावी. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरली, तर भिंत मोकळी आहे. कोठेही अडली, तर तेथे ओझे आहे असे समजावे. आमची पट्टी भिंतीच्या मध्यावर जवळजवळ तीन फूट अडकून बसली. ही कसोटी आधी घेतली असती, तर मजुरांचा जीव धोक्यात पडला नसता.

ती भिंत शेवटी निघाली, पण उलट क्रमाने. आधी वरची माती कमी केली. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू देऊन ते पाचरी मारून घट्ट केले. त्यानंतर मधल्या विटा काढून दगडी तळखड्यावर नवा सागवानी खांब उभा केला आणि सर्वांत शेवटी उरलेल्या विटा उतरवल्या. बांधताना आपण खालून वर जातो. उतरवताना वरून खाली यावे लागते, हे ऐकायला सोपे आहे, पण घाईत नेमके हेच विसरले जाते.

श्वास कोंडलेली भिंत

दुसरी भर सिमेंटच्या गिलाव्याची. दगडमातीच्या जुन्या भिंतींना जमिनीतला ओलावा थोपवणारा थर नसतो. मातीतील बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी वर चढते, जसे कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते. पण ते फार वर जात नाही. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून त्याचे बाष्पीभवन होत राहते. चढणारे आणि उडणारे पाणी ज्या उंचीवर सारखे होते, तेथे ओल थांबते. जुन्या घरात ही उंची फूट-दीड फूट असे, आणि दरवर्षी तेवढाच भाग पुन्हा लिंपून घेण्याची पद्धत होती.

सिमेंटचा गिलावा मातीच्या मानाने फारच घट्ट असतो. तो भिंतीवर चढवला की खालच्या भागातून पाणी उडेनासे होते. पाणी चढायचे मात्र थांबत नाही, कारण ते जमिनीतून येते. मग बाहेर पडायला जागा मिळेपर्यंत ते वर वर जात राहते. आमच्या मागच्या भिंतीत ओल छातीच्या उंचीपर्यंत पोचली होती. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही चढतात आणि गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक वाढतात. बोटाने टकटक केली तर गिलावा पोकळ वाजत होता. तो काढला, तेव्हा आत दगडांच्या सांध्यांतील माती शिऱ्यासारखी मऊ झालेली दिसली. बाहेरून भिंत पक्की दिसत होती आणि आतून तिची ताकद जात होती.

गिलावा देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पोपडे पडणारी भिंत त्याला टिकाऊ करायची होती. चांगल्या हेतूने केलेली परंतु मूळ वस्तूशी न जुळणारी दुरुस्ती मोठमोठ्या ठिकाणीही झालेली आहे. मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. निजाम सरकारने १९२० साली लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना त्यांच्या जतनासाठी बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा खडकाला पुन्हा चिकटवला, हे मोलाचे काम होते. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर काळाबरोबर पिवळा, तपकिरी पडला आणि त्याखाली मूळ रंग झाकले गेले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर अतिशय जपून काढावा लागला. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचीही अशीच कथा आहे. निकोलाओस बालानोस या अभियंत्याने १८९८ पासून केलेल्या दुरुस्तीत संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन ग्रीकही लोखंड वापरत, पण त्याभोवती शिसे ओतत. बालानोसच्या उघड्या लोखंडाला गंज चढला. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे संगमरवर आतून तडकला. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवण्यात आल्या.

लाख, लोखंड आणि सिमेंट हे पदार्थ वाईट नाहीत. प्रश्न जोडीचा आहे. दुरुस्तीचा पदार्थ मूळ पदार्थापेक्षा फार कठीण, फार घट्ट किंवा फार वेगळ्या रीतीने फुगणारा असेल, तर पुढचे नुकसान दुरुस्तीचे होत नाही, मूळ वस्तूचे होते.

गिलावा काढताना घणाचे घाव घालू नयेत, कारण चांगला चिकटलेला भाग दगडाला सोबत घेऊन निघतो. छिन्नीने लहान लहान पोपडे सुटे करावेत. काढल्यावर लगेच नवे लिंपणही करू नये. भिंतीच्या दर इंच जाडीला एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ नियम आहे. म्हणजे दोन फुटी भिंतीला जवळजवळ दोन वर्षे. दोन्ही बाजू उघड्या असल्या आणि उन्हाळा कडक असला तर हा काळ कमी होतो. आम्ही एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली आणि मग माती, शेण आणि गव्हाचा भुसा यांचे लिंपण दिले.

न्हाणी आणि काळी माती

तिसरी भर म्हणजे न्हाणी. ती पाडण्याबद्दल मात्र दुमत नव्हते. सोनपेठच्या परिसरात दख्खनच्या काळ्या खडकापासून बनलेली काळी माती आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा जुना पाया माती ओलांडून खाली मुरमापर्यंत गेला होता. न्हाणीचा पाया जेमतेम दीड फूट. त्यामुळे घर जागेवर स्थिर आणि न्हाणी दरवर्षी वर-खाली, असा प्रकार चालला होता. दोन्हींच्या सांध्यात तडा गेला आणि त्या तड्यातून सांडपाणी थेट जुन्या भिंतीच्या पायात मुरू लागले. छातीपर्यंत चढलेल्या ओलीचा उगम येथे होता. न्हाणी पाडून ती घरापासून दहा-बारा फूट दूर बांधली आणि तिचे पाणी आणखी पुढे शोषखड्ड्यात सोडले.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. न्हाणीवर सिमेंटचे जुने पत्रे होते. अशा पत्र्यांत बहुधा आस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फुटला की ते हवेत मिसळतात, श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी गंभीर आजार होऊ शकतात. असे पत्रे हातोड्याने फोडू नयेत. पाण्याने भिजवून, हुक सोडवून, अखंड उतरवावेत आणि ते काम करणाऱ्याने योग्य मुखपट्टी वापरावी. मुलांना त्या जागेजवळ फिरकू देऊ नये.

यादीत नसलेली भर

आता राहिले छत. माळवदाची रचना अशी असते : तुळयांवर कड्या, कड्यांवर आडव्या काड्यांची किलचण, तिच्यावर पाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकण्याची रीत आहे. वाहून गेलेल्या मातीची ती भरपाई. पण जेवढी जाते त्याहून थोडी जास्तच टाकली जाते. आम्ही खणून पाहिले तेव्हा थर दोन फुटांचा, म्हणजे सुमारे ६० सें.मी. निघाला. पिढ्यान्‌पिढ्या टोपलीटोपलीने पडलेली ही भर आम्हाला ‘मूळ घर’च वाटत होती.

तिचे वजन काढू. माजघर ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब, म्हणजे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. मातीची उंची ०.६ मीटर, म्हणून घनफळ ७.२ घनमीटर. एका घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरले, तर एका खोलीच्या डोक्यावर साडेअकरा टन माती झाली. पावसात भिजली की आणखी.

एवढ्या मातीचा उपयोग काय? परभणी भागात मे महिन्यात तापमान ४२ अंशांच्या वर जाते, आणि माळवदाखाली त्या दिवसांतही गारवा असतो. हा गारवा जाडीबरोबर कसा बदलतो, ते पाहण्यासारखे आहे. उष्णतेची दैनंदिन लाट मातीत शिरताना क्षीण होत जाते. साधारण कोरड्या मातीत दर १२ सें.मी. खोलीला तिचा चढउतार सुमारे एकतृतीयांश उरतो. समजा, पृष्ठभागाचे तापमान पहाटे २५ आणि दुपारी ६० अंश आहे, म्हणजे चढउतार ३५ अंशांचा. १२ सें.मी. खाली तो १३ अंश, २४ सें.मी. खाली ५ अंशांच्या आत आणि ३६ सें.मी. खाली २ अंशांहून कमी होईल. ६० सें.मी.वर तो जवळजवळ शून्य. शिवाय दर १२ सें.मी.ला लाट सुमारे पावणेचार तास उशिरा पोचते. पाऊण फुटाच्या थरातून दुपारची उष्णता आत येते, तोवर रात्र झालेली असते.

याचा अर्थ असा की पहिल्या २५ सें.मी. मातीने बहुतेक सगळे काम केलेले आहे. पुढची ३५ सें.मी. गारव्यात अगदी थोडी भर घालते, वजनात मात्र पावणेसात टनांची. लाभ झपाट्याने घटत जातो, ओझे त्याच गतीने वाढत राहते.

या ओझ्याची किंमत मराठवाड्याने मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप नित्य होतात आणि त्यांत मनुष्यहानी कितीतरी कमी होते. येथे माणसे मेली ती प्रामुख्याने आपल्याच घरांखाली. न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की जमीन हादरते तेव्हा छतावरचे बल त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. जड माळवद हादऱ्यांनी हलले. खालच्या भिंती दोन पदरी, दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड नसलेल्या. पदर फाकले, भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावर विसंबलेले छत खाली आले. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी काहींचा सांगाडा भिंती पडूनही उभा राहिला. म्हणूनच भूकंपानंतर घरे बळकट करण्याच्या ज्या सूचना दिल्या गेल्या, त्यांत माळवदावरची माती कमी करणे, खांब आणि तुळई यांच्या जोडात तिरके टेकू देणे आणि भिंतींत आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे बसवणे यांचा समावेश होता.

आम्ही माती २५ सें.मी.वर आणली. ती काढतानाही एक पथ्य होते. एकाच बाजूची सगळी माती काढली तर तुळयांवरचे ओझे असमान होते. म्हणून पूर्ण छतावरून चार-चार बोटांचे थर उतरवले आणि माती ढिगाने न साठवता लगेच खाली सोडली. नंतर खांबांच्या माथ्याशी तिरके टेकू ठोकले.

मात्र पातळ थर पावसात टिकणार कसा? येथे आमच्या यादीतली चौथी भर, ते कुरूप पत्रे, उपयोगी पडली. पत्र्यांमुळे माती कोरडी राहते, म्हणून दरवर्षी नवी टाकावी लागत नाही. पत्रा आणि माती यांमध्ये मोकळी हवा खेळत असल्यामुळे माळवदाला सावलीही मिळते. पत्रे नुसतेच डोक्यावर असते तर दुपारी घराची भट्टी झाली असती. मातीच्या वर, अंतर राखून, ते उत्तम छत्री ठरले. वादळात उडू नयेत म्हणून त्यांचा सांगाडा आम्ही खांबांना पोलादी पट्ट्यांनी बांधून घेतला. दिसायला ते आजही चांगले दिसत नाहीत.

थोडक्यात, जे सर्वांत उपरे वाटत होते ते राहिले आणि जे अस्सल वाटत होते त्याचा निम्म्याहून अधिक भाग उतरवला. एखादा भाग जुना की नवा, यावरून निर्णय होत नाही. तो आज ओझ्याचे, पाण्याचे आणि उष्णतेचे कोणते काम करतो, आणि तो काढल्यावर ते काम कोण करील, हे विचारावे लागते. दर पावसाळ्यात जुन्या घरांच्या भिंती पडून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांतील काही दुर्घटना या दोन प्रश्नांची उत्तरे वेळीच शोधल्याने टळू शकतील.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. प्लॅस्टिकची ३० सें.मी.ची पट्टी दोन पुस्तकांवर टेकवा. पुस्तकांमध्ये १२ सें.मी. अंतर ठेवून मध्यावर वजन ठेवा आणि बाक मोजा. मग अंतर २४ सें.मी. करा. ओझे मध्यावर एकवटलेले असल्याने येथे बाक सोळापट न होता सुमारे आठपट होईल. फरक का, यावर चर्चा करा.

२. मातीच्या दोन सारख्या कच्च्या विटा उथळ पाण्यात उभ्या करा. एकीच्या चारही बाजूंना, खालपासून चार बोटांपर्यंत, मेण लावा. कोणत्या विटेत ओल अधिक वर चढते, ते तासातासाने नोंदवा.

३. शाळेच्या किंवा घराच्या भिंतीत तडा असेल, तर त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. तडा हलत असेल तर काच फुटते. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे आणि काच फुटलेली आढळल्यास ती खोली लगेच रिकामी करून अभियंत्याला दाखवावी.

अशी एक पट्टी आम्ही सोनपेठच्या घरात, न्हाणी जेथे चिकटलेली होती त्या भिंतीवर मृगाच्या आधी लावली. दिवाळीला गेलो तेव्हा ती अखंड होती. ती आणखी दोन पावसाळे तेथेच ठेवायची आहे.